नाव काढलं तरी खेळाडू तोच

२००६ च्या अखेरीस ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' हा कॉम्प्युटर गेम आला आणि आपल्याकडे तो पुढची दहा-बारा वर्षं तरी खेळला गेला. पेण असो की रोहा, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मुलं तो खेळायची. घरी कॉम्प्युटर आला की पेन ड्राइव्हवरून सगळ्यात आधी तोच यायचा. ज्यांनी तो खेळलाय त्यांना एक गंमत आठवत असेल. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या खेळाडूंची नावं बरोबर होती, भारताच्या संघात मात्र नावं वाकडीतिकडी. चेहऱ्याची ठेवण, उंची, डावा-उजवा हात, फलंदाजीचा क्रम सगळं ओळखीचं; नावाशी आलं की अक्षरं बदललेली. आमच्या महाराष्ट्राचा, श्रीरामपूरचा झहीर खान चेंडू टाकायला धावत येतोय हे शेंबड्या पोरालाही कळायचं, फक्त पडद्यावर त्याचं नाव झहीर खान नसायचं.

हल्लीच रोह्याला बहिणीकडे गेलो होतो. भाचा मोबाइलवर कुठलासा क्रिकेटचा गेम खेळत होता. त्यातही तोच प्रकार. "मामू, ह्या लोकांना स्पेलिंग येत नाय काय?" असं त्याने विचारलं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, हजेरीपटावर आमच्या मुलांची नावं कशी कशी लिहिली जातात ते रोज बघतो, त्यामुळे पहिल्यांदा मलाही ते साधं दुर्लक्षच वाटू शकलं असतं. पण ही स्पेलिंगची चूक नव्हती. वकिलाला विचारून, जाणूनबुजून केलेली चूक होती. कंपनीने ज्या मंडळांशी करार केला त्यांच्या खेळाडूंची खरी नावं वापरली, ज्यांच्याशी करार नाही त्यांची नावं मोडून वापरली. नाव मोडलं की माणूस वापरला असं होत नाही, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कोर्टात टिकतो का? याचा सगळ्यात मोठा वाद झाला तो क्रिकेटवरून नाही, अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांवरून. तो इतिहास मराठीत फारसा कुणी लिहिलेला मी पाहिला नाही, आणि तो आपल्या मुलांच्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिथल्या कॉलेजच्या खेळाचा आवाका लक्षात घ्या. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना असला की दोन प्राध्यापक, एक शिट्टी आणि मैदानाभोवती पन्नास पोरं. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमवर १ लाख ७ हजार माणसं बसतात. आपलं वानखेडे ३३ हजारांच्या आसपास आहे. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचं अमेरिकन फुटबॉल. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे, प्रशिक्षकांना कोट्यवधी पगार. आणि मैदानावर जो मार खातो त्या मुलाला? शिष्यवृत्ती. फी, राहणं, जेवण. त्यावर एक डॉलरही घेतला तर त्या काळी तो अपात्र ठरायचा. हे सगळं चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए.

या मुलांना मजुरी का द्यायची नाही, याला एक शब्द शोधून काढला होता: 'स्टुडंट-अॅथलीट', विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला किती चांगला शब्द! मी बी.एड. केलं तेव्हा असे चांगले चांगले शब्द आम्हाला पुष्कळ पाठ करायला लावले होते, म्हणून मला त्यांची थोडी भीतीच वाटते. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुईस ए अँड एम या कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. तो सैन्यातून परतलेला, बायकामुलं असलेला माणूस. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळणं ही नोकरी नव्हे, असा त्याचा अर्थ. एनसीएएचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी अशा दाव्यांच्या भीतीपोटी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द सगळीकडे रुजवला. हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलं. निवृत्तीनंतर १९९५ साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेवर टीका केली. निवृत्तीनंतर खरं बोलणारी माणसं आपल्याकडेही आहेत, तेव्हा त्यात नवल नाही.

आता गेमकडे येऊ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजेच ईए ही कंपनी १९९० च्या दशकापासून कॉलेज फुटबॉलचे गेम काढत होती. कॉलेजांची नावं, झेंडे, स्टेडियम, कॉलेजची गाणी यांचे परवाने तिने रीतसर पैसे देऊन घेतले होते. परवाने देणारी मध्यस्थ कंपनी होती कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनी. म्हणजे भिंतींना पैसे मिळाले, झेंड्याला मिळाले. खेळाडूंची नावं घ्यायची नाहीत, कारण एनसीएएच्या नियमानुसार विद्यार्थी-खेळाडूचं नाव विकायचं नाही. मग गेममध्ये काय होतं? नावाच्या जागी 'क्वार्टरबॅक नंबर ९'.

हा नंबर ९ म्हणजे सॅम केलर. आधी अॅरिझोना स्टेट आणि नंतर नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळलेला. न्यायालयाच्या निकालपत्रात जी यादी आहे ती वाचताना मला आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरची आठवण झाली. उंची तीच, वजन तेच, कातडीचा आणि केसांचा रंग तोच, केसांची ठेवण तीच, हात तोच, राज्य तेच, कितव्या वर्षाला आहे तेही तेच. हेल्मेटला काच लावायची सवय तीसुद्धा. कंपनी संघांचं सामान सांभाळणाऱ्या माणसांना प्रश्नावल्या पाठवून ही माहिती गोळा करत असे. फक्त दोन गोष्टी वगळायची: पाठीवरचं नाव आणि खरं गाव. गाव दुसरंच टाकायचं. आमच्याकडे तर निम्म्या लोकांच्या आडनावातच गाव असतं, पेणकर, रोहेकर, तेव्हा नाव आणि गाव दोन्ही काढलं की माणूस पुसला असं कुणाला वाटेल खरं. पण गेम विकत घेणारी मुलं इंटरनेटवरून नावांची यादी उतरवून घ्यायची आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या पाठीवर खरी नावं यायची.

एक तपशील मला फार आवडला. २००८ च्या आवृत्तीत नेब्रास्काच्या त्या खेळाडूचा नंबर खऱ्या केलरच्या नंबरशी जुळत नाही. का? तर हंगाम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर केलरने नंबर बदलला होता. गेम आधीच तयार झालेला. कॉपी करणाऱ्या मुलाच्या पेपरात शेजाऱ्याने नंतर खोडलेलं उत्तरही तसंच सापडावं, तसा हा प्रकार.

केलरने २००९ च्या मे महिन्यात ईए, एनसीएए आणि त्या मध्यस्थ कंपनीवर खटला केला. त्याच वर्षी जुलैत दुसरा खटला आला तो एड ओ'बॅनन यांचा. हे बास्केटबॉलचे खेळाडू. १९९५ साली यूसीएलए या कॉलेजला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. व्यावसायिक खेळात फार काळ टिकले नाहीत. खटल्याच्या वेळी ते लास वेगासजवळ गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करत होते. एका मित्राच्या घरी गेले असता मित्राच्या मुलाने त्यांना गेम दाखवला. जुन्या गाजलेल्या संघांमध्ये १९९५ चा यूसीएलए संघ होता आणि त्यात एक डावखुरा, टक्कल केलेला, ३१ नंबरचा खेळाडू. चाळिशीकडे झुकलेला माणूस मित्राच्या मुलाच्या पडद्यावर स्वतःला बावीस वर्षांचा होऊन धावताना बघतो. नाव नाही. आणि त्याला कुणी विचारलेलंही नाही.

ओ'बॅननना कळलं की प्रश्न एका गेमचा नाही, सहीचा आहे. एनसीएए दरवर्षी प्रत्येक खेळाडूकडून एक फॉर्म भरून घेत असे. त्यात नाव आणि फोटो वापरायची परवानगी असायची. सही नाही केली तर खेळता येत नाही अशी परिस्थिती. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, समोर प्रशिक्षक, बाहेर बस उभी. असा कागद कोण वाचतो? आणि त्या एका सहीच्या जोरावर कॉलेज सुटल्यानंतरही पंधरा वर्षं त्याचा चेहरा विकायचा हक्क आपलाच, असं संस्थेचं वागणं. ओ'बॅननच्या खटल्यात पुढे ऑस्कर रॉबर्टसन आणि बिल रसेल हे बास्केटबॉलचे बुजुर्गही सामील झाले.

यूसीएलएचं नाव निघालं तर त्याच कॉलेजच्या दुसऱ्या खेळाडूची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण नावाच्या मालकीचा धडा आधी त्यांनी घालून दिला होता. करीम अब्दुल-जब्बार. १९६७, ६८, ६९ अशी लागोपाठ तीन वर्षं ते कॉलेज स्पर्धेतले सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, तेव्हा त्यांचं नाव होतं ल्यू अल्सिंडर. कॉलेजात असतानाच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९७१ साली नवं नाव कायद्याने नोंदवलं. १९९३ साली कॉलेज स्पर्धेच्या प्रक्षेपणात जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल गाडीची जाहिरात दाखवली. त्यात प्रश्न होता, सर्वाधिक वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण ठरलं, आणि पडद्यावर उत्तर आलं: ल्यू अल्सिंडर. करीमना विचारलं नव्हतं. ते कोर्टात गेले. कंपनीचं म्हणणं असं, की हे नाव तर तुम्हीच टाकून दिलंय, आता ते तुमचं कुठे राहिलं? खालच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. १९९६ साली वरच्या कोर्टाने, नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, तो फिरवला. माणसाने नाव वापरायचं सोडलं म्हणून ते बेवारस होत नाही, असं त्याचं सार. ज्या नावावरून माणूस ओळखला जातो ते जुनं असो की नवं, त्याचंच. आपल्या समाजात नाव बदलण्यावरून, नावाच्या उच्चारावरून, नावामुळे घर भाड्याने न मिळण्यावरून जे चालतं ते बघता हा निकाल मला नुसता जाहिरातीपुरता वाटत नाही.

ईएचा बचाव वेगळा होता आणि तो अगदीच फालतू नव्हता, हे सांगितलं पाहिजे. गेम ही कलाकृती आहे, आणि कलाकृतीला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. कादंबरीकार खऱ्या माणसावरून पात्र घेतो, चित्रकार पुढाऱ्याचं व्यंगचित्र काढतो, त्यांनी परवाना घ्यायचा का? यावर अमेरिकन कोर्टांनी एक कसोटी धरली: मूळ माणसात काही नवं रूपांतर केलंय का? मे २०१३ मध्ये रटगर्स विद्यापीठाचा माजी खेळाडू रायन हार्ट याच्या खटल्यात एका अपील न्यायालयाने, आणि ३१ जुलै २०१३ रोजी केलरच्या खटल्यात दुसऱ्याने सांगितलं, की इथे रूपांतर काही नाही. फुटबॉलचा खेळाडू फुटबॉलच्या मैदानात फुटबॉलच खेळतोय. दोन्ही निकाल दोन विरुद्ध एक मतांनी झाले. म्हणजे न्यायाधीशांमध्येही एकमत नव्हतं.

पुढचं भराभर झालं. त्याच महिन्यात, जुलै २०१३ मध्ये, शेवटचा गेम बाजारात आला होता. सप्टेंबरात ईएने कॉलेज फुटबॉलचा गेम थांबवल्याचं जाहीर केलं आणि तडजोड केली. ईए आणि मध्यस्थ कंपनीकडून मिळून ४ कोटी डॉलर, एनसीएएकडून २ कोटी. ओ'बॅननने मात्र एनसीएएविरुद्धचा मूळ खटला चालू ठेवला आणि त्यात नुकसानभरपाईची मागणीच मागे घेतली. मागणी राहिली ती नियम बदलण्याची. ८ ऑगस्ट २०१४ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल दिला की सगळ्या कॉलेजांनी मिळून खेळाडूंना काही न देण्याचं ठरवणं हे स्पर्धाविरोधी कायद्याचं उल्लंघन आहे. खेळाडूंना वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंत बाजूला ठेवून नंतर देता येतील असं त्या म्हणाल्या. हे ५ हजार पुढच्या वर्षी अपिलात उडाले, उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष राहिला.

ज्यांना हा गेम आवडायचा ती मुलं ओ'बॅननवर चिडली. तुझ्यामुळे आमचा गेम बंद पडला! हे अगदी ओळखीचं आहे. गावात एखाद्याने वर्गणीचा हिशेब मागितला की उत्सव बंद पाडायला निघालाय असंच म्हणतात.

गेम परत आला, अकरा वर्षांनी. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने २०१९ साली खेळाडूंना नाव-चेहऱ्याचे पैसे कमावू देणारा कायदा केला, जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि त्या १ जुलैपासून एनसीएएने बंदी उठवली. १९ जुलै २०२४ रोजी 'कॉलेज फुटबॉल २५' आला. पाठीवर खरी नावं. तयार असलेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ५० हजार रुपये, आणि गेमची एक प्रत. दहा हजारांहून जास्त मुलांनी होकार दिला. नाही म्हणणाऱ्याच्या जागी काल्पनिक खेळाडू. टेक्सासचा गाजलेला आर्च मॅनिंग आधी नाही म्हणाला, नंतर हो म्हणाला. ६०० डॉलर कमी आहेत अशी ओरड झालीच. खेळाडूंच्या गटांच्या वतीने सामूहिक करार करणाऱ्या ब्रँडर ग्रुप या कंपनीने २०२३ मध्ये ईएवर दावाही केला होता, की मुलांशी एकेकट्याने नाही, आमच्यामार्फत बोला. तो दावा टिकला नाही. एकटं पोर आणि मोठी कंपनी समोरासमोर बसली की भाव कोण ठरवणार हे सांगायला वकील लागत नाही. पण निदान विचारलं गेलं. ६ जून २०२५ रोजी त्याच न्यायाधीश विल्केन यांनी आणखी एका खटल्यातली तडजोड मंजूर केली. तिच्यामुळे कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात आणि जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत.

आता आपल्याकडे या. खेळाडूचं नाव कुणाचं, हा वाद भारतात पहिल्यांदा मोठा झाला तो २००२ साली. आयसीसीने आपल्या स्पर्धांचे हक्क ५५ कोटी डॉलरला विकले होते आणि खेळाडूंनी स्पर्धेच्या आगेमागे प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या जाहिराती करायच्या नाहीत अशी अट करारात घातली. भारताच्या वरिष्ठ खेळाडूंनी सही करायला नकार दिला. आमची सही न घेता आमच्या चेहऱ्याचा सौदा तुम्ही कसा केलात, असा त्यांचा सवाल. चॅम्पियन्स ट्रॉफी झाली, २००३ चा विश्वचषकही झाला, पैशांचं भांडण मात्र पुढेही चाललं. २००३ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वचषकाच्या नावावरून झालेल्या एका खटल्यात म्हटलं, की प्रसिद्धीचा हक्क हा व्यक्तीचा असतो, स्पर्धेला असा हक्क नसतो.

गेमचा खरा खटला आला तो २०२३ साली, दिल्लीतच. राऱिओ नावाचा मंच खेळाडूंशी करार करून त्यांची डिजिटल कार्डं विकत होता. करार केलेल्यांत मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग, उमरान मलिक होते. सिराज हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा, उमरानचे वडील जम्मूत फळं विकणारे. नाव कमावणं म्हणजे काय ते अशा घरांना ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूला एमपीएलचा 'स्ट्रायकर' हा मंच. त्याने करार न करता खेळाडूंची रेखाचित्रं आणि नावं घालून अशीच कार्डं काढली. न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी २६ एप्रिल २०२३ रोजी तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. खेळाडूंची नावं आणि धावा-बळींची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली आहे, व्यंगचित्रं-रेखाचित्रं ही अभिव्यक्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अशाच एका निकालाचीही त्यात चर्चा आहे.

हा निकाल केलरच्या बरोबर उलटा वाटतो. मला अर्धा पटतो. धावफलक कुणाच्या मालकीचा नसावा. उद्या सिराजचे बळी लिहायला परवाना लागला तर वर्तमानपत्राचं क्रीडापान कोरं राहील, आणि हा ब्लॉगही. पण आकडा वेगळा आणि अंग वेगळं. ज्या गेममध्ये मुलगा बटण दाबतो आणि पडद्यावरचा सिराज सिराजसारखाच धावत येऊन चेंडू टाकतो, तिथे विकला जातो तो त्याने वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेला रनअप. त्याला नुसती माहिती म्हणता येणार नाही. या प्रश्नावर आपल्याकडे केलरसारखा खटला अजून उभा राहिलेला नाही. सचिनचं ठीक आहे; पुण्याच्या जेटसिंथेसिसने २०१७ साली 'सचिन सागा' काढला तो त्याच्याशी करार करूनच. आशाताईंचं ठीक आहे. त्यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं. ज्याच्याकडे वकील नाही त्याचं काय? आपल्याकडे खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची संघटनाही नाही. २०१९ साली जी स्थापन झाली ती निवृत्तांची.

आणि आपल्या तालुक्यांत? आपल्याकडे कॉलेजच्या खेळावर गेम कोण काढणार, असं म्हणाल. पण दहावी-बारावीचा निकाल लागल्यावर पेणच्या एसटी स्टँडपासून रोह्याच्या नाक्यापर्यंत फ्लेक्स बघत चला. गुण, फोटो, नाव. एकच मुलगी दोन-दोन क्लासच्या फ्लेक्सवर असते. माझ्या एका विद्यार्थिनीचा फोटो एका क्लासने असाच लावला. ती तिथे फक्त शेवटच्या महिन्यातल्या सराव परीक्षांना गेली होती. तिचे अब्बा संतापले, फोटो खाली घ्या म्हणाले. क्लासवाल्याने प्रवेशाचा छापील फॉर्म दाखवला. त्यावर तिची सही होती, जूनमधली.

म्हणजे ओ'बॅननचाच फॉर्म.

याबाबतीत आपल्या देशाने मात्र एक चांगलं काम केलंय, ते फार लोकांना माहीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा त्याचं मनोगत त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही. आणि ती संमती निकाल लागल्यानंतर, निवड झाल्यानंतर घ्यायची. प्रवेशाच्या वेळी घेतलेली चालणार नाही. कारण उघड आहे. जूनमध्ये मुलगी आणि तिचे आई-वडील गरजू असतात. मे-जूनमध्ये निकाल हातात आला की गरज क्लासला असते. तेव्हा ती नाही म्हणू शकते, पैसे मागू शकते, किंवा आनंदाने हो म्हणू शकते. अमेरिकेत सगळी भांडणं झाली ती सहीच्या वेळेवरून. आपल्याकडे ती वेळ दोन ओळींत ठरवून टाकली. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. हे कागदावर आहे. फ्लेक्स अजून तसेच आहेत.

खेळाच्या मैदानावर तर कागदही नाही. रायगड जिल्हा टेनिस बॉल क्रिकेटवर वेडा आहे. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत भातशेतं सपाट करून स्पर्धा चालतात. पहिल्या क्रमांकाला मोठी रोख रक्कम, मालिकावीराला मोटरसायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, त्यात जाहिराती, अॅपवर प्रत्येक पोराच्या नावाने धावा आणि बळी. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीगही सुरू झाली. आमच्या गावांतल्या कितीतरी पोरांचे षटकार लाखो लोकांनी बघितलेत. ते व्हिडिओ कुणाच्या मालकीचे, उद्या कुणी त्यावरून गेम काढला किंवा यंत्राला शिकवून त्या पोराचा फटका नकली खेळाडूला दिला तर त्याला विचारणार का, हे कुठेही लिहिलेलं नसतं. प्रवेशिकेवर एवढंच असतं: आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.

नागोठण्याकडच्या एका स्पर्धेचे आयोजक माझे जुने विद्यार्थी आहेत. गेल्या हंगामात त्यांच्या प्रवेशिकेत मी दोन वाक्यं घालायला सांगितली. एक मराठीत आणि तेच खाली उर्दूत: खेळाडूचा फोटो आणि व्हिडिओ या स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापरता येईल, इतर कुठल्याही वापरासाठी त्याला पुन्हा विचारावं लागेल. आयोजकांनी फारशी खळखळ न करता ती छापली. एकाने एवढंच विचारलं, की सर, पुन्हा विचारायचं म्हणजे त्याचा फोन नंबर जपून ठेवावा लागणार ना? मी म्हटलं, हो, आणि वहीत नाव नीट लिही.